कमरखाची नाड

सरांनी माझ्या सासूबाईंकडून एक शब्द उसना नेला आणि त्यापायी माझा संसार पणाला लागला. ऐकणाऱ्याला हे फुगवून सांगितल्यासारखं वाटेल. सरांना ओळखणाऱ्या कुणालाही तसं वाटणार नाही, कारण शब्द उसने नेणं हा त्यांचा धंदाच होता.

नाशिकच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी त्याच विभागात नव्यानं लागले होते. साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णव असेल. बाकीच्या प्राध्यापकांना आडनाव लावून सर म्हणत, यांना नुसतंच सर. ते मला बाई म्हणत. त्यांची पीएच.डी. कधीकाळी अर्धवट राहिली होती, विभागप्रमुखपद त्यांनी दोनदा नाकारलं होतं, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रंगकामाचा बारीक ब्रश असायचा. पेन ते माझं मागायचे. परत मिळालं तर त्याला डिंक लागलेला असायचा.

त्यांचा सगळा जीव परागकणांत होता. फूल त्यांना दिसायचंच नाही, दिसायचा तो फुलातला पिवळा भुगा. एखादी मुलगी वेणीत शेवंती माळून आली की हात पुढे करून म्हणायचे, "जरा दे गं, लगेच परत देतो." ती काचपट्टीवर झटकायची, थेंबभर रंग टाकायचा, आणि मग सगळ्या वर्गानं रांगेनं सूक्ष्मदर्शकात डोकवायचं. फूल परत मिळायचं, पण माळण्याजोगं राहिलेलं नसायचं. हळूहळू आमच्या विभागातल्या मुली फुलं माळून यायच्या बंद झाल्या. तेव्हा सरांनी मला अगदी काळजीनं विचारलं, "बाई, हल्लीच्या मुलींना फुलं आवडत नाहीत का हो?"

त्यांच्या लूनाच्या हँडलला एक काचपट्टी बांधलेली असायची आणि तिच्यावर व्हॅसलीन चोपडलेलं. घरापासून कॉलेजपर्यंत हवेत जे काही उडत असेल ते तिच्यावर चिकटायचं. आल्या आल्या ती काच सूक्ष्मदर्शकाखाली जायची आणि सर बातमी द्यायचे, "मखमलाबादच्या बाजूला गवत फुललंय." कुणाला त्याचं काय असणार! पण बातमी रोज यायची. एकदा अशोक स्तंभापाशी हवालदारानं त्यांना अडवलं आणि विचारलं, हे गाडीला काय लावलंय.

"व्हॅसलीन," सर म्हणाले.

"कशाला?"

"पराग चिकटायला."

हवालदार जरा विचारात पडला. "पराग कोण?"

सरांनी लूना स्टँडला लावली आणि पराग कोण ते त्याला सविस्तर सांगितलं. तोवर चौकाचं काय झालं असेल ते चौकालाच ठाऊक. पुढे तो हवालदार सरांना सलाम करायचा आणि "काय सर, आज कोण फुललंय?" म्हणून विचारायचा. स्टाफरूममध्ये आम्ही कुणी ते विचारत नव्हतो.

"दाणा बघा, घराणं ओळखा," असं ते वर्गात सांगायचे. जास्वंदीच्या परागाचा दाणा मोठा, चिकट, अंगभर काटे असलेला. तो कुणाच्या तरी अंगाला बिलगून जाणार. गवताचा दाणा कोरडा, गुळगुळीत. तो वाऱ्यावर सोडलेला. मक्याचा तुरा झटकला की डोकं पिवळं होतं, कारण वाऱ्याच्या हाती दिलेली पत्रिका कुठल्या दारात पडेल याचा नेम नाही, म्हणून गावभर पाठवायच्या. केण्याचं उलट. बांधावर उगवणारं हे निळ्या फुलाचं तण जमिनीखालीसुद्धा एक फूल काढतं आणि ते फूल कधी उघडतच नाही. पराग आतल्या आत, बीही आतल्या आत. त्या फुलात पराग अगदी चिमूटभर. "ज्याचं लग्न माजघरातच ठरलंय, तो बँड कशाला लावेल?" सर म्हणायचे. मुलं हसायची, आणि परीक्षेत नेमकं तेवढंच त्यांना आठवायचं.

सगळं लग्नाच्या भाषेत सांगायची ही खोड उगाच लागलेली नव्हती. आमची निम्मी मुलं सिन्नर, चांदवड, पेठ, सुरगाण्याकडून आलेली. पुस्तकातला इंग्रजी शब्द आला की त्यांच्या चेहऱ्यावर झापड पडायची, आणि पाठ्यपुस्तकातला मराठी शब्द आला की ती झापड आणखी घट्ट व्हायची. म्हणून सर शब्द गोळा करत फिरायचे. भाजीवाल्या, एसटीतले शेजारी, मुलांचे आईबाप, कुणाकडूनही. चांदवडच्या एका विद्यार्थ्याच्या मळ्यात कांद्याचे डोंगळे बघायला आम्ही गेलो होतो. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्यावर उंच पोकळ दांडे येतात आणि त्यांच्या टोकाला पांढरे गोंडे फुलतात, ते डोंगळे. मुलाचे वडील शेजाऱ्यावर चिडलेले होते.

"त्यानं लाल लावला, माझा उन्हाळी हाय. मधमाश्या लय, तिकडून इकडं येता. इचारल्याबिगर सोयरीक होऊन जाती सर! बी सगळं भेसळ."

सर बांधावरच थबकले. "सोयरीक," ते म्हणाले. "हा शब्द मी नेऊ?"

"न्या की. शब्दाला काय, बियाणं थोडीच हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर जाणं म्हणजे सोयरीक. आणि प्रत्येक वेळी ते मालकाचा उल्लेख करायचे, "हा शब्द चांदवडच्या पाटलांचा." स्वतःच्याच परागानं बी धरणाऱ्या फुलाला सिन्नरच्या एका मुलीनं वर्गात घरजावई म्हटलं, तोही त्यांनी तिथल्या तिथं ठेवून घेतला. त्या वर्षी विद्यापीठाच्या पेपरात आमच्या कॉलेजच्या बऱ्याच मुलांनी "वाटाण्यामध्ये घरजावई पद्धत आढळते" असं लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांची तक्रार आली आणि प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, "मार्क कापा. शब्द कापू नका."

आता माझ्याकडे येते. माझ्या लग्नाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पुढेही झालं नाही. ते इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी पाळणा हलेल म्हणून कुणी वाट बघायला नको. डॉक्टरांकडे आम्ही दोघंही जाऊन आलो होतो. दोघांच्याही तपासण्या ठीक निघाल्या होत्या आणि हे सासूबाईंनाही माहीत होतं. नवरा सातपूरच्या कारखान्यात होता. माणूस भला, पण तोंडात मिठाची गुळणी. आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं, पत्रिका बघितली नव्हती, आणि सासूबाईंनी ते मनात ठेवलं होतं. कुणाच्या बारशाला जाऊन आल्या की आमच्याकडे भांडी जरा जोरात घासली जायची. एखादा टोमणा यायचा. मीही काही गरीब गाय नव्हते, एखादा परत जायचा.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर होतं आणि अंगणात सासऱ्यांनी लावलेलं कमरखाचं झाड. शाळेबाहेरच्या गाडीवर तिखटमीठ लावून चांदणीसारख्या फोडी मिळतात, ते कमरख. झाड फुलायचं असं की बघत राहावं. बारीक गुलाबी-जांभळी फुलं, फांद्यांवर तर यायचीच, खोडावरसुद्धा. फळ एक नाही. फळ न देणाऱ्या झाडाला धाक घालायची सासूबाईंच्या माहेरी रीत होती. एकानं कोयता उगारून म्हणायचं, "यंदा तोडतोच." दुसऱ्यानं त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "राहू द्या, पुढल्या वर्षी देईल." दरवर्षी कोयता त्या घ्यायच्या आणि हात धरायचं काम माझ्याकडे असायचं. झाडाच्या वतीनं रदबदली मी करावी हे त्यांना कसं सुचलं कोण जाणे. मला त्याचा फार राग यायचा, पण मी हात धरत आले.

एकदा प्रात्यक्षिकासाठी मी त्या झाडाची फुलं कॉलेजात नेली. सरांनी एक फूल उभं चिरलं, भिंगाखाली धरलं, मग दुसरं, मग सगळीच. मान वर न करता म्हणाले, "बाई, ह्याला फळ धरत नसणार."

"नाहीच धरत."

"कसं धरेल!" आणि इतके खूश झाले की तास अर्धवट सोडून लूना काढली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सरांनी त्यांना नमस्कार केला आणि सरळ झाडापुढे उभं राहून व्याख्यान सुरू केलं. कमरखाची झाडं दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेच्या फुलात मधली मान लांब आणि परागाच्या पिशव्या खाली. दुसऱ्या तऱ्हेत मान आखूड आणि पिशव्या वर. दाणाही वेगळा. आखूड मानेच्या फुलाचा दाणा मोठा असतो, कारण त्याला दुसऱ्या झाडाच्या लांब मानेतून खालपर्यंत उतरायचं असतं. लांबच्या प्रवासाला शिदोरी जास्त लागते. लांब मानेच्या फुलाचा दाणा लहान, तो आखूड मानेसाठी. सारख्या मानेच्या दोन फुलांत फळ धरत नाही.

"तुमचं झाड आखूड मानेचं," सर म्हणाले. "आणि गल्लीत दुसरं कमरख नाही. झाडात काही दोष नाही. जोडी मिळालेली नाही एवढंच."

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे एकनाड झाली म्हणा की."

सरांना तो शब्द माहीत नव्हता. सासूबाईंनी त्यांना समजावलं. पत्रिकेत आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाडी असतात. मुलगा आणि मुलगी एकाच नाडीची निघाली तर लग्न करू नये, संतती होत नाही. म्हणून वेगळ्या नाडीचं स्थळ बघायचं.

सर हरखले. पुस्तकातला इतका लांबलचक इंग्रजी शब्द, आणि त्याला घरातला चार अक्षरी शब्द तयार! "हा शब्द मी नेऊ?" त्यांनी विचारलं.

"न्या," सासूबाई म्हणाल्या. "मला काय कमी आहेत?"

मीही हसले होते तेव्हा. शब्द खरोखरच चपखल होता.

लांब मानेचं झाड सरांना देवळाली कॅम्पला एका जुन्या बंगल्याच्या आवारात सापडलं. तिथल्या माळ्याला त्यांनी काय सांगून पटवलं माहीत नाही, पण बहराच्या दिवसांत ते सकाळच्या बसनं कॅम्पला जायचे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुलं स्टीलच्या डब्यात घालून आणायचे, आणि सीबीएसच्या बसस्टँडवर ठेवलेली लूना घेऊन आमच्याकडे यायचे. कधी कधी मागे वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मांडीवर डबा धरून बसलेल्या असायच्या. अंगानं भरलेल्या, हसल्या की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. लूना दोघांना घेऊन चढ चढत नसे, मग त्या उतरून शेजारून चालायच्या आणि वर नवऱ्याला चिडवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याविषयी कुणी बोलत नसे, तेही नाही. सर स्टुलावर चढून ब्रशानं एकेका फुलाला पराग लावायचे. सासूबाई स्टूल धरायच्या.

आणि फळं धरली. फार नाही, पण फांद्यांवर हिरवी, मग पिवळी होत जाणारी कमरखं लोंबकळायला लागली. सासूबाईंनी ती गल्लीभर वाटली. सासऱ्यांच्या फोटोपुढे एक ठेवलं आणि डोळे पुसले. तेव्हा मला त्या फार आवडल्या.

पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्या आईला फोन करून सहज म्हणून माझी जन्मवेळ विचारून घेतली. दोन्ही पत्रिका घेऊन त्या पंचवटीतल्या एका ज्योतिषांकडे गेल्या. नाड एक निघाली.

त्यानंतर घरात टोमणे बंद झाले, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. टोमण्याला उत्तर देता येतं. सासूबाई आता माझ्याशी मायेनं बोलायला लागल्या. भांडी हळू घासली जाऊ लागली. एका दुपारी शेंगा सोलताना म्हणाल्या, "तुझ्यात काही दोष नाही गं. त्याच्यातही नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण मला कळत नव्हतं. जोडी चुकली एवढंच. तू कमावती आहेस, तरुण आहेस. तुझंही दुसरीकडे चांगलं होईल, त्याचंही होईल. झाडाचं बघितलंस ना?"

आमच्याच विषयातला धडा होता तो, आणि त्यांनी तो नीट समजून घेतला होता. मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नकोस, आपण कुठं ऐकतोय." पण आईला तो काहीच म्हणाला नाही. चार-आठ दिवसांत नाशिक रोडच्या कुठल्या मुलीची पत्रिका घरात आली. चुकून आली, असं सासूबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गावरून जात होते. आत सर शिकवत होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "एकनाड × एकनाड = फळ नाही". आणि सर सांगत होते, "हा शब्द आपल्या बाईंच्या सासूबाईंचा."

मी आत गेले, डस्टर उचललं आणि फळा पुसला. सगळा वर्ग बघत होता. मी बाहेर आले आणि प्रयोगशाळेत जाऊन नळ सोडून उभी राहिले. सर मागोमाग आले. शब्दात व्याकरणाची काही चूक झाली का, असं त्यांनी विचारलं. खरंच तेच विचारलं! मग मी सगळं सांगितलं. नाड, ज्योतिषी, शेंगा, नाशिक रोडची पत्रिका. रडत नव्हते. इतकी चिडले होते की रडायला सवड नव्हती.

सर बराच वेळ ब्रशाचे केस सरळ करत राहिले. "शब्द चुकीच्या जागी बसवला मी," ते म्हणाले. "रविवारी येतो."

"काही गरज नाही," मी म्हटलं. मला वाटलं, हा माणूस येणार, आणखी एक व्याख्यान देणार, आणि उरलंसुरलंही बुडवणार.

त्यांनी तो शब्द वर्गात पुन्हा कधी वापरला नाही. त्याऐवजी सारख्या मानेच्या फुलांना ते 'एकमानी' म्हणायला लागले. हा त्यांनी स्वतः बनवलेला एकमेव शब्द, त्यामुळे तो कुणालाच आवडला नाही. दोन हजार चार-पाचच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि वहिनींना घेऊन देवळाली कॅम्पला राहायला गेले, तोपर्यंत मुलं परीक्षेत एकमानीच्या जागी काहीही लिहायची आणि सर मार्क देऊन टाकायचे.

रविवारी ते आले. लूना फाटकापाशी लावली. हातात डबा नव्हता. नवरा पडवीत पेपर वाचत बसला होता, त्यानं "या सर" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घातलं. सासूबाईंनी लगबगीनं खुर्ची दिली, चहा आणला. सर म्हणजे त्यांच्या लेखी आता घरचाच माणूस.

"डबा नाही आणलात? वरच्या फांदीला बहर आलाय बघा."

"आज ते काम नाही," सर म्हणाले. "तुमची एक वस्तू माझ्याकडे होती, ती परत करायला आलोय."

"कुठली हो?"

"शब्द. एकनाड. मी नेला, वापरून बघितला. बसत नाही. परत घ्या."

सासूबाई हसल्या. "बसत नाही कसा? झाडाला तर बरोब्बर बसला."

"झाडालाही नाही. मला आवडला म्हणून मी बसवला. मान आखूड आहे हे मी फूल चिरून बघितलं. दाणा मोठा आहे हे काचेखाली बघितलं. दुसऱ्या झाडाचा दाणा लावला, फळ धरलं, तेही तुम्ही-आम्ही बघितलं. मग बोललो. नाड कुणी बघितली आहे?"

"शास्त्रात लिहिलंय ते."

"असेल." सरांनी कप खाली ठेवला. "माझ्या आईनं आमची पत्रिका तीन ठिकाणी दाखवली होती. नाड वेगळी. गुण इतके जुळले की गुरुजींनी स्वतःच पेढे मागितले. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

वहिनींनी कितीतरी वेळा याच पडवीत बसून चहा घेतला होता. सासूबाईंनी जरा खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या आई काय म्हणाल्या मग?"

"आई म्हणाली, दुसरी कर. हिला माहेरी पोचवून ये. ही तिथंच पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, आई, हे पुन्हा बोलू नकोस. ती पुन्हा बोलली." सर अगदी नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात सांगत होते. "त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही."

"अगंबाई! किती दिवस?"

"ती जाईपर्यंत."

नवऱ्याचा पेपर खाली आला.

"आमच्याच घरात होती ती," सर म्हणाले. "औषध मी द्यायचो. शेवटी चालवत नव्हतं, तेव्हा उचलून न्यायचो. ती हाक मारायची, मी जायचो. पण बोललो नाही. ही पाया पडली माझ्या, एकदा तरी बोला म्हणून. नाही बोललो. बरोबर केलं असं मी म्हणत नाही. ती वाट बघायची, ते मला दिसायचं. झालं ते सांगतो."

चहा निवला होता. सरांनी तो तसाच पिऊन टाकला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे न बघता फाटकापाशी गेले आणि लूना सुरू करायला लागले. ती नेहमीप्रमाणे लगेच सुरू झाली नाही. पायडल मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही तिघंही तो ऐकत बसलो. मला वाटत होतं, धावत जाऊन या माणसाच्या पाया पडावं. उठवलं नाही.

आवाज गल्लीच्या टोकाला गेला तेव्हा सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"तू असं करशील माझ्याशी?"

नवऱ्यानं पेपराची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"नाही गं आई," तो म्हणाला. "मला नाही जमायचं ते. मी आपला हिला घेऊन वेगळं बिऱ्हाड करीन, आणि रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलायला येत जाईन."

माझ्या बाजूनं त्यानं आईपुढे काढलेला हा पहिला शब्द. मी खांबाला टेकून उभी होते, आणि आता मात्र मला रडू आलं.

सासूबाई उठल्या. कपबशा गोळा केल्या आणि आत गेल्या. नळाचा आवाज आला, भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला.

"म्हणे रोज संध्याकाळी!" त्या आतून ओरडल्या. "पेट्रोल काय फुकट येतं का रे?"